निळ्या दोरीतल्या फळ्या

२८ नोव्हेंबर

चि. खिळ्या,

फळ्यांच्या डिंकात ॲस्बेस्टॉस नाही. प्रयोगशाळेतल्या बाईंनी आज सकाळी अकराला फोन करून सांगितलं. सहीशिक्क्याचा कागद टपालाने येतोय.

बातमी आधी आणि बाकीचं मागून, ही माझी सवय तुला माहीत आहे. बसस्टँडच्या चौकशीच्या खिडकीत तीस वर्षं काढली. समोरच्याला गाडी किती वाजता आणि कुठल्या फलाटावर, एवढंच हवं असतं. तर डिंक साधा आहे, त्याची धूळ छातीला घात करायची नाही, काढायला हरकत नाही. आता कसा काढायचा ते लिही.

लिही म्हणजे लिहीच. फोन नको. फोनवर आपण दोघं नुसतं 'हं', 'हं' करतो आणि मग तू म्हणतोस, 'ठेवू?' मागच्या वेळी वीस मिनिटांत तू कामाचं एकच वाक्य बोललास, 'हात लावायच्या आधी तपासून घे.' शिवाय हात काळे असले की फोन धरता येत नाही. कागद भिंतीला खिळ्याने ठोकता येतो. (यात तुझ्यावर विनोद नाही.)

तुझ्या भावोजींचं आहे तसंच आहे. पक्षाघाताने डावी बाजू गेली आहे, वाचा गेली आहे. समजतं सगळं. उजवा हात चालतो, पण पेन दिलं की नुसतं धरून बसतात. पुनर्वसन केंद्रातल्या व्यायामाच्या बाई त्यांच्या डाव्या तळव्यावर पेन्सिलीचं टोक फिरवतात आणि विचारतात, 'कळतंय?' ते मान हलवतात, नाही. बाई रोज विचारतात. हे रोज नाही म्हणतात.

फेब्रुवारीच्या मध्यावर घरी सोडणार आहेत. खालच्या खोलीतली फरशी गुळगुळीत आहे आणि बर्फासारखी गार. डाव्या पायाला गार-गरम काही कळणार नाही, आणि घसरले तर पुन्हा तिथेच जायचं. व्यायामाच्या बाई म्हणाल्या, लाकूड घालता आलं तर उत्तम.

लाकूड आहे. शाळेचा जुना हॉल ऑगस्टमध्ये पाडला, तेव्हा यांनी जमिनीच्या फळ्या स्वतः सोडवून आणल्या. तुम्ही दोघांनीच सत्तावीस वर्षांपूर्वी बसवलेल्या त्या. तू तेव्हा एकोणीस वर्षांचा होतास, मिशी यायची होती. तीन फूट लांब, तीन इंच रुंद, एकशे सत्तर नग शेडमध्ये रचून ठेवलेत. वरून अजून देखण्या आहेत. खालून, जमिनीला चिकटवल्या होत्या त्या काळ्या डांबरी डिंकाचा थर. ऑगस्टमध्ये फळ्या आल्या आणि सप्टेंबरात हे पडले.

कोपऱ्यावरचा सुतार बसवून द्यायला तयार आहे, डिंक काढायला नाही. म्हणाला, 'ताई, हा डिंक काढण्यापेक्षा मी नवीन झाड लावतो.' नवीन लाकूड मला नको. यांनी स्वतः उचललेलं आहे.

रडूबिडू येत नाही. आल्यास कळवीन.

ताई


८ डिसेंबर

ताई,

पत्र मिळालं. भिंतीला ठोकायचं असेल तर एवढं पान ठोक.

मशीन लावू नको. मशीनखाली हा डिंक तापतो, पातळ होतो आणि लाकडात मुरतो. इस्त्री, हीटर, केस वाळवायचं यंत्र, गरम असं काहीच नको. थिनर ओतू नको. आज निघाल्यासारखं वाटेल आणि वर्षभराने डाग वर येतील. पाण्यात भिजवू नको, फळी फुगून वाकडी होईल.

थंडीची वाट बघ. हा डिंक उन्हात गूळ आणि थंडीत काच. संध्याकाळी दहा-बारा फळ्या उलट्या करून बाहेर कोरड्या जागी ठेवायच्या, वर पत्रा. सकाळी गारठलेल्या असतानाच कामाला घ्यायच्या. भावोजींची रुंद पटाशी फळीला जवळजवळ टेकवून आडवी धर आणि मागून लाकडी हातोडीने हलके ठोके दे. खरवडायचं नाही, उडवायचं. कपच्या निघतील. चष्मा लाव आणि मास्क लाव, कागदावर काहीही आलेलं असो. फळी ऊबदार झाली की त्या दिवसाचं काम संपलं. तिच्याशी भांडू नको.

फळीच्या एका कडेला जीभ असते, दुसरीला खाच; एकीची जीभ शेजारणीच्या खाचेत बसते. खाचेत डिंकाचा कण राहिला तर पुढची अख्खी ओळ उघडी पडते. जुन्या किल्लीचं टोक खाचेतून फिरव. तळ पूर्ण साफ हवा. जुन्यावर नवा डिंक धरत नाही. साफ झालेल्या फळ्या खोलीतच रचून दोन आठवडे राहू दे, मध्ये काड्या घालून. त्यांना त्या हवेची सवय झाली पाहिजे.

सुतार म्हणेल, झालं. त्याच्या बोलण्यावर जाऊ नको, ठोकून बघ. भावोजींची आणि माझी पद्धत अशी होती की एक जण पुढची ओळ लावणार आणि दुसरा दुसऱ्या टोकाला गुडघ्यावर सरकत बोटांच्या पेरांनी फळी वाजवून ऐकणार. मग ऐकणाऱ्याने जमिनीवर मोठ्याने ठोकायचं. एकदा म्हणजे पोकळ आहे, ओळ उचला. दोनदा म्हणजे धरलंय, पुढे चला. दिवसदिवस आम्ही तोंडाने बोलायचो नाही. एक किंवा दोन, एवढंच.

पान संपलं.

मी यायला हवं, ते कळतं. इथे मोठं काम घेतलंय, मार्चपर्यंत हलता येणार नाही. भावोजी माझी आठवण काढतात का? म्हणजे बोलता येत नाही ते लक्षात आहे. पण तरी.

खिळ्या


२१ डिसेंबर

चि. खिळ्या,

चौतीस फळ्या साफ झाल्या. समोरच्या शिवणवालीने दोनदा मोजून खात्री केली, कारण मला माझाच आकडा खरा वाटेना.

आधी एक कबुली. तू इस्त्री नको लिहिलंस, म्हणून मी इस्त्री लावून बघितली. थंडी पडत नव्हती आणि मला रिकामं बसवत नव्हतं. डिंक वितळला, इस्त्रीला लागला, माझ्या बाहीला लागला, आणि बाहीमुळे मी फळीला लागले. शिवणवाली कात्री घेऊन आली तेव्हा मी फळीसकट दारात उभी. म्हणाली, 'वहिनी, नवऱ्याच्या कामाला चिकटून राहावं म्हणतात, पण एवढं?' बाही कापली. फळी गेली. इस्त्री पण गेली.

मग आठ दिवसांपूर्वी थंडी आली. तू लिहिलंस तसंच झालं. पटाशी टेकवली, मागून टक केलं, आणि तळहाताएवढी काळी कपची उडून गेली. खाली लाकूड पिवळं, जसं काही झालंच नाही. पहिल्या दिवशी चार झाल्या. आता रोज सात-आठ होतात. हाताची बोटं पहिल्या पाच मिनिटांत बधिर होतात आणि मग त्रास नाही. नंतर घरात आले की चहाचा कप गरम आहे की नाही ते कळत नाही, ओठाला लागल्यावर कळतं. बरं वाटतं एका परीने. यांचा हात कसा असेल ते समजतं.

रविवारी एक साफ फळी पिशवीत घालून केंद्रात नेली. दारावरचा माणूस म्हणाला, 'बाई, पेशंटला मारायला आणलीय का?' यांच्या मांडीवर ठेवली. उजव्या अंगठ्याने त्यांनी जीभ तपासली, मग खाच, मग तळावरून अख्खा हात फिरवला. एका जागी थांबले. कण राहिला होता. माझ्याकडे बघितलं. सत्तावीस वर्षं मी यांच्या कामात खोट काढली, त्या दिवशी यांनी माझ्या कामात काढली. फळी परत आणली आणि तो कण काढला.

तू विचारलंस की आठवण काढतात का. तुझं पत्र वाचून दाखवते तेव्हा डोळे उघडे ठेवतात. यांच्या पुतणीचं पत्र वाचलं की झोपतात. यापलीकडे मला सांगता येत नाही.

मार्चचं काय ते तू बघ. ठोकला तिथे राहतो म्हणून तुला आपल्या घरात खिळ्या म्हणायचे, आणि तूच सगळ्यांत लांब गेलास.

ताई


२९ डिसेंबर

ताई,

चौतीस म्हणजे चांगला वेग आहे. पटाशीला रोज धार लाव.

हिशोब असा: दहा बाय बाराच्या खोलीत चाळीस ओळी, एका ओळीत चार फळ्या, म्हणजे एकशे साठ. तुझ्याकडे एकशे सत्तर होत्या. दहा फुटल्या तरी चालतील, त्याच्यापुढे नाही. इस्त्रीची एक धरून.

फळ्या हॉलच्या कुठल्या भागातल्या आहेत, ते कळतं का? सहज विचारतो.

खिळ्या


७ जानेवारी

चि. खिळ्या,

काळ्या सगळ्या संपल्या. एकशे एकोणचाळीस होत्या, त्यातल्या सहा फुटल्या, एकशे तेहेतीस साफ आहेत. सुताराने स्वतः येऊन बघितलं, टोपी काढली आणि म्हणाला, 'ताई, माझ्याकडे कामाला येता का?'

राहिल्या एकतीस. त्या वेगळ्या निघाल्या. रचलेल्या ढिगात अगदी खाली, निळ्या दोरीने बांधून ठेवलेल्या होत्या, आणि वर यांच्या पेन्सिलीतली चिठ्ठी: 'स्टेजजवळ. ३१. ठेवणे.' तू भाग विचारला होतास ना, तर हा भाग.

दोरी सोडली आणि मला आनंदच झाला. तळ जवळजवळ कोरा! डिंकाच्या बारीक दोन-चार रेघा, नखाने निघतील अशा. म्हटलं, देवाने एवढं तरी सोपं ठेवलं. मग उलटून बघितलं तर प्रत्येक फळीला वरून चार भोकं, लाकडाच्या गोल बुचांनी बुजवलेली. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ह्या त्याच फळ्या. हॉल बसवल्यावर वर्षाच्या आत उचकटल्या, खेळाच्या बाईंचा पाय अडकला आणि गुडघा गेला, त्याच. मग यांनी तो सगळा भाग स्क्रूने आवळला होता. एवढं होऊन त्या कशाला जपून ठेवल्या, देव जाणे. माणूस स्वतःची चूक निळ्या दोरीने बांधून ठेवतो का?

तुला आठवत असेल, मुख्याध्यापिकेसमोर उभं राहून हे म्हणाले होते, 'डिंक मी लावला.' एवढंच. तिथून शाळांची कामं बंद झाली ती झालीच. हे एकटे घरोघरच्या खोल्या करत राहिले. तूही त्याच वर्षी गेलास. मी काही कमी बोलले नाही, खिळ्या. घरात खुर्चीचा पाय हलला की मी म्हणायचे, 'हॉलवाल्यांनी बसवली वाटतं.' पाहुण्यांसमोरही म्हणायचे. मजेत. पुढे पुढे सवयच लागली. यांना हाक मारायची तरी 'अहो हॉलवाले'. हे हसायचे नाहीत, चिडायचेही नाहीत. पडले त्या सकाळीसुद्धा मी दूध ओतू गेलं म्हणून काहीतरी असंच म्हटलं होतं. नक्की काय ते आठवत नाही.

या फळ्या मी खोलीत घालणार नाही. ज्या जमिनीने एका बाईचा गुडघा घालवला, ती यांच्या पायाखाली कशाला? तेहेतीस ओळी होतील. राहिलेल्या सात ओळींना सुतार नवीन लाकूड बघतो म्हणतोय. तुझं मत कळव.

ताई


२५ जानेवारी

चि. खिळ्या,

तुझं पत्र आलेलं नाही. पोस्टमनने पिशवी उलटी करून खात्री दिली.

तेहेतीस ओळी बसल्या. मी एका टोकाला बसून ठोकलं, शिवणवालीने मधे मधे ऐकलं. एका जागी पोकळ लागलं, सुतार कुरकुरला, पण त्याने ओळ उचलली. खिडकीच्या कडेची सात ओळींची पट्टी रिकामी आहे. पलंग तिथेच येणार. उठताना यांचा चालता पाय पहिल्यांदा तिथेच पडणार.

नवीन लाकडाचा रंग जुळत नाही. तू काहीतरी लिही. आजारी आहेस का?

ताई


२७ जानेवारी

ताई,

त्या फळ्यांचा तळ कोरा आहे तो माझ्यामुळे. मी स्वतः सांगतोय, दुसरं कोणी सांगणारं आता नाही.

सात तारखेचं पत्र मला बाराला मिळालं. कितीदा लिहायला घेतलं आणि फाडलं. हे सातवं.

तो भाग माझा होता. दुपारची वेळ होती, स्टेजजवळच्या पट्ट्यात मी दातेरी थापीने डिंक ओढून ठेवला होता. भावोजी कचेरीत सही करायला गेले होते. मी कोपऱ्यावरच्या टेलिफोनवर एका मुलीला फोन करायला गेलो. दहा मिनिटं म्हणून गेलो आणि पाऊण तासाने आलो. डिंकावर साय धरली होती. मी बोट लावून बघितलं, बोट कोरं निघालं. म्हणजे माझ्या अजाणतेपणी झालं असं नाही, ताई. मला कळलं होतं. तो सगळा काढून पुन्हा लावायला हवा होता. भावोजी परत यायच्या आत मी तशाच फळ्या दाबल्या.

ते आले आणि पुढच्या ओळीला बसले. ऐकायचं काम माझं होतं. मी वाजवलं. मडक्यासारखा आवाज आला. भावोजी पाठमोरे, माझ्या ठोक्याची वाट बघत होते. मी दोनदा ठोकलं.

आयुष्यात मी बरंच खोटं बोललो असेन, पण ते तोंडाने. हे हाताने केलं.

खेळाच्या बाई पडल्यावर भावोजींनी पहिली फळी उचलली, तेव्हा मी शेजारी उभा होतो. त्यांनी तळ बघितला. डिंक ओला असता तर तळाला सगळीकडे पसरून चिकटला असता. तिथे काहीच नव्हतं. मग माझ्याकडे बघितलं. फळी होती तशी परत ठेवली आणि मुख्याध्यापिकेकडे गेले. मी वाट बघत होतो की घरी जाताना विचारतील. विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलोय. चार महिने तसे काढले आणि मग इकडचं काम मिळालं म्हणून निघालो. काम मिळालं नव्हतं. आल्यावर शोधलं.

'हॉलवाले' मला माहीत नव्हतं. ते तू लिहिलंस तेव्हा कळलं.

त्या फळ्या चांगल्या आहेत. लाकडाची काही चूक नाही. तळावरच्या दोन-चार रेघा काढ, नवा डिंक ओला असतानाच दाब, शंभर वर्षं हलणार नाहीत. त्या सात ओळी रिकाम्या ठेवू नको आणि नवीन लाकूड घालू नको. जाडीत केसभर फरक पडला तरी त्यांचा पाय अडकेल.

मार्चपर्यंतचं काम पण नाही. नव्हतंच. तू ये म्हणालीस तर येतो. नको म्हणालीस तरी कळव.

खिळ्या


४ फेब्रुवारी

चि. खिळ्या,

यांना पंधरा तारखेला, शनिवारी, घरी सोडणार. केंद्राच्या मुख्य डॉक्टरांनी काल लेखी दिलं.

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. वाचलं. घडी घालून डब्याखाली ठेवलं, भांडी घासली, पुन्हा वाचलं. शिवणवालीने खिडकीतून विचारलं, 'काय म्हणतो भाऊ?' मी म्हटलं, 'बरा आहे.' मला राग आलेला नाही. येईल बहुतेक. पाय अवघडून बसल्यावर उठताना आधी काहीच कळत नाही, मुंग्या नंतर येतात. मी सध्या उठतेय.

आकडा मात्र डोक्यातून जात नाही. दिवसाला एकदा जरी म्हटलं असेल, तरी सत्तावीस वर्षांत किती वेळा 'हॉलवाले' झालं? हे गप्प राहायचे तेव्हा मला वाटायचं, चूक आहे म्हणून गप्प आहेत. एकदा तोंड उघडलं असतं तर मी थांबले असते. आता उघडत नाही.

काल पत्र केंद्रात नेलं. सगळं वाचून दाखवलं, गाळलं काहीच नाही. टेलिफोनवरच्या मुलीसकट. मी वाचत असताना डोळे उघडे होते. 'मी दोनदा ठोकलं' तिथे त्यांनी डोळे मिटले, मग उघडले. संपल्यावर मी म्हटलं, 'तुम्हाला माहीत होतं.' मान हलली, हो. मी म्हटलं, 'मला का नाही सांगितलंत?' मीच उत्तर दिलं मग. यांनी सांगितलं असतं तर मी तुला घराबाहेर काढलं असतं, आणि आईच्या माघारी तुला वाढवला मीच, ते यांना माहीत होतं. हे माझं उत्तर आहे. त्यांचं काय असेल ते त्यांना माहीत.

मग त्यांनी उजव्या हाताच्या पेरांनी पलंगाच्या लाकडी कडेवर ठोकलं. टक टक. मला वाटलं, पाणी हवंय. पाणी दिलं, प्यायले नाहीत. पुन्हा टक टक. उशी सरकवली, नर्सला बोलावलं, ती म्हणाली, 'बाथरूम?' त्यांनी मान हलवली, नाही. माझ्या हातातल्या तुझ्या पत्राकडे बघत तिसऱ्यांदा ठोकलं. दोनदाच.

घरी येऊन खालच्या खोलीत दिवा लावला. भिंतीवर तुझं डिसेंबरातलं पान ठोकलेलं आहे, काळ्या बोटांच्या ठशांनी भरलंय. रोज बघून बघून वाचायचं सोडून दिलं होतं. शेवटच्या ओळी वाचल्या आणि जमिनीवर बसले. एकदा म्हणजे पोकळ. दोनदा म्हणजे धरलंय, पुढे चला.

तर त्यांच्याकडून तुला हा निरोप आहे. जसा मिळाला तसा कळवते. खिडकीत बसणाऱ्या बाईने बातमीत स्वतःचं मिसळायचं नसतं.

हे त्यांचं झालं. माझं अजून झालेलं नाही.

आता पुढचं. सुताराला सात ओळी करू नको म्हणून सांगितलं. तो म्हणाला, 'अहो, पाऊण तासाचं काम आहे.' मी म्हटलं, 'तेव्हाही पाऊण तासच गेला होता.' त्याला कळलं नाही, डोकं खाजवत गेला. एकतीस फळ्यांचे तळ मी साफ करून ठेवलेत. दोरी सोडल्यापासून त्या खोलीतच पडून आहेत, तिथल्या हवेची सवय झाली असेल. निळी दोरी गुंडाळून खिडकीत ठेवली आहे, ती टाकायची की काय ते हे आल्यावर ठरवतील.

तू तेरा तारखेला, गुरुवारी, यायचं. वाटेत गाडी बदलून जिच्यात बसशील ती जोडगाडी साडेनऊला आपल्या स्टँडच्या फलाट चारवर लागते. दहा मिनिटं उशीर धर; ती माझ्या नोकरीत एकदाही वेळेवर आली नाही. घरी ये, चहा पी, कामाला बस. डिंकाचा डबा आणि दातेरी थापी तयार आहे. टेलिफोन घरातच आहे, लांब जायला लागणार नाही.

शुक्रवारी चोवीस तास त्या पट्टीवर पाय ठेवायचा नाही, म्हणजे तू मोकळा आहेस. खेळाच्या बाई पाण्याच्या टाकीमागच्या गल्लीत राहतात, तळमजला, हिरवं दार. काठी घेऊन चालतात, दारापर्यंत यायला वेळ लागतो, तेव्हा घंटा एकदाच वाजव आणि थांब. तू येणार म्हणून मी त्यांना सांगितलंय. कशासाठी ते सांगितलेलं नाही. ते तू सांगायचं, तोंडाने.

शनिवारी अकराला केंद्राची गाडी यांना घेऊन दारात येईल.

आणि गुरुवारचं एक राहिलं. सातवी ओळ बसली की तू दाराजवळ थांबायचं, भिंतीकडे तोंड करून. ऐकायला मी बसणार आहे. एकदा की दोनदा, ते मी ठोकीन तेव्हा कळेल.

ताई